मुंडक्याचा मान

मी एक म्हातारा कुत्रा आहे, मित्रांनो. जतच्या पूर्वेला, जिथे माणसं मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरतात, तिथल्या माळावर मी हरिबा धनगराची मेंढरं राखली. माझं नाव भुंग्या. डावा कान अर्धाच आहे, उरलेला लांडग्याने नेला. पण ऐकायला मला अजून छान येतं. तेव्हा माझ्याजवळ येऊन कुणी उगाच ओरडू नका.

माझा जन्म वाटेवरचा. दिवाळी झाली की आमचा वाडा कृष्णाकाठी निघायचा. वाडा म्हणजे भिंतींचा नव्हे. मेंढरं, घोड्यावरचं बिऱ्हाड, कोंबड्यांची डालगी आणि माणसं, सगळं मिळून वाडा. त्या वाटेवर एका बाभळीखाली पोत्यावर आईने आम्हा पाच भावंडांना जन्म दिला. दहा दिवसांनी हरिबाने एकेकाला मानगुटीला धरून उचललं. चौघं केकाटली, मी गप्प राहिलो. "ह्यो ऱ्हाईल," हरिबा म्हणाला, आणि त्याच्या बायकोने, हरणाबाईने, मला मेंढीचं दूध पाजलं. मी कोकरांमध्येच वाढलो. बरेच दिवस मला वाटायचं की आपणही कोकरूच आहोत, फक्त जरा शहाणं.

दोन वर्षांत मी खरा राखणदार झालो. मेंढरांभोवती जाळीची वाघर बांधली की तिच्याबाहेर मी असायचो. आमच्या माळावर लांडग्यांची एक जोडी होती. नर मोठा आणि मादी अंगाने बारीक, पण डोक्याने फार पुढची. कान गेला तो नराशी झालेल्या झटापटीत. त्या दिवशी मी मेंढी सोडवून आणली, तेव्हा हरिबाने माझ्या कानावर हळद दाबली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आजपास्नं ह्यो आमचा पाटील!"

आता मानाचं सांगतो. आमच्या वाड्यावर एक रीत होती. मेंढरू मेलं किंवा कापावं लागलं, तर त्याचं मुंडकं राखणदाराचं. हरिबाच्या बापाने ती पाळली आणि हरिबानेही कधी मोडली नाही. घरात कालवणाला रस्सा कमी पडला तरी चालेल, पण मुंडकं माझंच. तो स्वतः कुऱ्हाडीने ते फोडायचा, सपाट दगडावर ठेवायचा आणि हाक मारायचा, "या पाटील, बसा पंगतीला." बाकीचे वाडेवाले हसायचे. मी मात्र शेपटी वर करून तोऱ्यात जायचो. मला त्याचा फार अभिमान होता, मित्रांनो, आणि आज तीच आठवण मला जेवू देत नाही.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. त्या हिवाळ्यात कृष्णाकाठी उसाच्या फडाशेजारी दुसऱ्या एका वाड्याची मेंढरं बसली होती. त्यांचं एक मेंढरू दोन दिवस एकाच जागी गरगरत होतं, मग मेलं. त्यांनी पाहुणा म्हणून मुंडकं मला टाकलं. मी खाल्लं. त्यात वावगं काही वाटलं नाही. मांस गोड होतं.

त्याच उन्हाळ्यात हरिबाचा मुलगा सिद्धू याचं लग्न झालं आणि सुलाबाई आमच्या वाड्यावर आली. ती म्हसवडकडची. बापाने आंदण म्हणून दोन मेंढ्या दिल्या होत्या, त्या तिच्या मागोमाग चालत आल्या. मी नवीन माणसाला आठ दिवस तरी जवळ येऊ देत नाही. पण ही पोर पहिल्याच दिवशी माझ्यापुढे उकिडवी बसली आणि म्हणाली, "तूच का त्यो पाटील? लय ऐकलंय बाबा तुझं." मग भाकरीचा पापुद्रा काढून माझ्यापुढे धरला. माझा सगळा रुबाब तिथेच संपला.

आषाढात तिच्या एका मेंढीला कोकरू झालं. पांढरं, पायाशी तांबूस. फाल्गुन लागला तेव्हा ते चांगलं दणकट झालं होतं. एक दिवस ते चरता चरता थांबलं आणि मान उजवीकडे वाकडी करून फिरायला लागलं. आधी मला वाटलं, खेळतंय. पण ते थांबेना. फिरून फिरून धुळीत रिंगण पडलं. मी जाऊन त्याला ढुशी दिली, कळपात ढकललं. ते परत बाहेर आलं आणि परत तसंच सुरू झालं.

मेंढरांचं तुम्हाला ठाऊक असेल. मेंढरू एकटं कधी राहत नाही. पुढचं जाईल तिकडे मागचं जाणार, त्याला दुसरं काही सुचत नाही. आणि हे कोकरू सगळ्यांकडे पाठ करून माळाकडे चाललं होतं. त्याचे डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हतं. कुणीतरी लांबून त्याला हाक मारतंय आणि ते ओ द्यायला चाललंय, असं मला वाटलं. माझ्या अंगावरचे केस उभे राहिले. मी भुंकलो, पण कशावर भुंकायचं तेच कळत नव्हतं. लांब टेकाडावर लांडग्याची मादी बसली होती. दबा धरून नव्हे, नुसती बसली होती. जणू तिला ठाऊक होतं की आज पळायची गरज नाही.

कोकरू आंधळं झालं, तेव्हा हरिबाने ते कापलं. मुंडकं फोडलं, तसा आत पाण्याने भरलेला एक फुगा दिसला. पातळ पांढरी पिशवी, आतून खसखशीएवढे पांढरे ठिपके चिकटलेले. सुलाबाई शेजारीच होती. तिचं ते लाडकं कोकरू. तिने डोळे पुसले आणि वाकून बघितलं.

"मामा, ह्यात काय वो हे? पान्याची पिशवी हाय."

"असतंय काय न काय," हरिबा म्हणाला. "पाटील, या."

मी गेलो आणि खाल्लं.

मित्रांनो, त्यानंतर मला भूक लागायला लागली. तशी भूक मी जन्मात पाहिली नव्हती. भाकरी खाल्ली तरी पोट मोकळं, उंदीर धरला तरी मोकळं. बरगड्या वर आल्या. बसल्या जागी बुडाखाली इतकी खाज सुटायची की मी ढुंगण जमिनीवर घासत पुढे सरकायचो. सगळा वाडा हसायचा. "पाटलाची गाडी सुटली!" सिद्धू म्हणायचा. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण थांबता येत नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट आहे. ती सांगायला जड जातं, पण सांगतो. फिरणारं कोकरू दिसलं की पहिल्यांदा मला भीती वाटायची. मग माझ्या तोंडाला पाणी सुटायला लागलं.

पुढच्या वर्षी सहा फिरली. त्याच्या पुढच्या वर्षी अकरा. एक उजवीकडे, एक डावीकडे, एक नुसतंच कपाळ दगडाला टेकवून उभं. अख्खा माळ त्यांच्या रिंगणांनी भरला. काहींची मुंडकी माझ्या वाट्याला आली, काही लांडग्यांनी नेली. लांडग्यांनी ससे धरायचं सोडूनच दिलं. कशाला धरतील? त्यांचं जेवण आपल्या पायांनी चालत येत होतं. उरलंसुरलं कोल्हे खात, मग गिधाडं उतरत. आमच्या माळावर एवढी गिधाडं मी कधी पाहिली नव्हती. तिकडे ससे माजले. शेजारच्या रानातला मटकीचा कोवळा शेंडा सशांनी कुरतडला आणि मेंढरांनीच खाल्ला म्हणत शेतकरी आमच्या नावाने बोंबलायला लागले. मी टेकाडावर उभा राहून बघायचो. मेंढरं, लांडगे, ससे, गिधाडं, सगळ्यांच्या चालीरीती बदलल्या होत्या, आणि कुणी बदलल्या ते काही दिसत नव्हतं. दिवसाढवळ्या मला त्या माळाचं भय वाटायचं.

वाड्यावर मात्र ते कुणी बदललं, हे ठरून गेलं होतं. हरणाबाई आधी चुलीपाशी पुटपुटायची, मग उघड बोलायला लागली. "हिच्या म्हायेरच्या मेंढीचं कोकरू पयलं फिरलं. त्याच्या आदी कवा फिरलं हुतं का आपल्यात? हिच्या पायानं आलंय हे."

"आत्याबाई, माझंच कोकरू पयलं गेलं की वो," सुलाबाई म्हणायची. "माझं काय चुकलं ते तरी सांगा."

तिने पाणी पाजलेल्या मेंढीकडे हरणाबाई संशयाने बघायची. कोकरांना हात लावायची तिला बंदी झाली. बिरोबाचा भंडारा मेंढरांच्या कपाळी लावून झाला, नारळ फोडून झाले. मेंढरं फिरतच राहिली. मग आजूबाजूच्या तीन वाड्यांची माणसं बसली आणि त्यांच्यासमोर हरिबाने सांगितलं, "सूनबाईला तिच्या दोन मेंढ्या देऊन म्हायेरी धाडतो. पुन्यांदा आनायचं का न्हाई, ते मागनं बघू."

मागनं म्हणजे कधीच नाही, हे मलासुद्धा कळलं. सुलाबाईने सिद्धूकडे बघितलं. सिद्धू काठीच्या टोकाने माती उकरत बसला. त्याचा मला फार राग आला. चावावं असं वाटलं, पण धन्याच्या मुलाला चावायचं कसं?

ती निघाली त्या दिवशी सकाळीच एक मेंढरू मेलं होतं. हरिबाने सवयीने कुऱ्हाड घेतली, तर मुंडकं जागेवर नव्हतं. "कोल्ह्यानं नेलं वाटतं," तो म्हणाला. पण मला वास येत होता. मुंडकं सुलाबाईच्या बोचक्यात होतं, जुन्या लुगड्याच्या फडक्यात घट्ट बांधलेलं. ती आणि सिद्धू दोन मेंढ्या घेऊन जतच्या वाटेला लागले, आणि मी त्यांच्या मागे निघालो. खरं सांगतो, मी तिच्यासाठी नाही निघालो. मुंडक्याच्या वासाने निघालो.

जतला पोचल्यावर ती म्हसवडच्या वाटेला न लागता थेट जनावरांच्या दवाखान्यात शिरली. सिद्धू म्हणाला, "हितं कशाला?"

"जायाचं तर जाते," ती म्हणाली. "पर माझ्या पायात काय हाय आनि ह्याच्या डोस्क्यात काय हाय, ते एकदा कुनीतरी शिकलेल्या मानसानं बघूदे."

डॉक्टर सांगलीकडचे, तरुण होते. त्यांनी फडकं सोडलं, नाक मुरडलं नाही. कवटीचं हाड बोटाने दाबलं, तर ते मऊ लागलं. त्यांनी ते कापलं आणि ती पाण्याची पिशवी अलगद उचलून काचेच्या बशीत ठेवली.

"हा किडा आहे, बाई," ते म्हणाले. "याला राहायला दोन घरं लागतात. लहानपणी मेंढराच्या मेंदूत राहतो, मोठा होतो कुत्र्याच्या नाहीतर लांडग्याच्या आतड्यात. आता या घरातून त्या घरात जायचं कसं? याला पाय नाहीत. मग हा मेंढरालाच चालवतो. त्याला फिरवतो, आंधळं करतो, कळपातून बाहेर काढतो. लांडगा ते खातो, नाहीतर तुम्ही कापता आणि मुंडकं कुत्र्याला घालता. कुत्र्याच्या पोटात हा किडा वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात. तेच गवत तुमची कोकरं खातात."

"म्हंजी मेंढरू आपल्या मनानं फिरत न्हाई?"

"नाही हो. त्याला कुणीतरी कामाला लावलेलं असतं." मग ते दाराशी आले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "हा तुमचाच का?"

सिद्धूने माझ्याकडे बघितलं. सुलाबाईने बघितलं. आणि मी त्याच वेळी, मित्रांनो, त्याच वेळी बसल्या जागी ढुंगण घासत सरकत होतो.

एवढ्या वर्षांत एकाही मेंढरावर मी दात उगारला नाही. त्यांच्यासाठी कान दिला. ज्या गवतावर ती चरत होती, त्याच गवतावर रोज त्यांच्याभोवती पहारा करत मी त्यांचं मरण टाकत होतो. लांडग्यांनी खाल्ली त्याहून जास्त मी घालवली होती. आणि माझ्या पापापायी ही पोर घराबाहेर निघाली होती.

डॉक्टर फटफटीवरून वाड्यावर आले. आम्ही चालत पोचलो, तोवर त्यांचं हरिबाला सगळं सांगून झालं होतं. हरिबा कुऱ्हाड हातात घेऊन उभा होता. त्याने मला बघितलं. "पाटील" म्हणाला नाही. "ये हिकडं," एवढंच म्हणाला.

मी गेलो. पळालो नाही. मानगुटीला धरलं तेव्हा लहानपणी केकाटलो नव्हतो, आताही केकाटायचं नाही, असं ठरवून त्याच्या पायाशी मान टाकली.

सुलाबाई मध्ये आली. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिने सावरलासुद्धा नाही.

"मामा, थांबा."

"बाजूला हो, सुले. ह्यानं माझा कळप बुडवला. तुझ्यावर आळ आला तो ह्याच्यापायी."

"माझ्यावर आळ आला तवा मला तोंड हुतं. मी इचारलं तरी, माझं काय चुकलं म्हनून. त्याला त्येबी इचारता येत न्हाई. तुमी घातलं ते त्यानं खाल्लं." ती जागची हलली नाही. "आनि ह्याला मारून उद्या दुसरं कुत्रं आनाल. त्यालाबी मानानं मुंडकंच घालाल न्हवं?"

हरिबा तसाच उभा राहिला. मग त्याने कुऱ्हाड खाली टाकली आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत बसला. हरणाबाई चुलीपाशी तोंडाला पदर लावून रडत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने तिन्ही वाड्यांच्या माणसांना परत बोलावलं. ज्यांच्यासमोर सुनेला धाडायचं ठरवलं, त्यांच्यासमोरच तो डोक्याचं मुंडासं काढून उभा राहिला. "गड्यांनो, बोट म्या सूनबाईवर दावलं. मग कुत्र्यावर कुऱ्हाड उचलली. पर मुंडकं कुनी घातलं? ह्या हातानं. लाडानं घातलं. दोष तिचा न्हाई, ह्याचाबी न्हाई. सूनबाई, तू घरची हायस. जाऊ नगंस, पोरी."

सुलाबाईने आपल्या दोन मेंढ्या वाघरीच्या आत सोडल्या, मग सिद्धूपुढे जाऊन उभी राहिली. "आता तरी काय बोलनार हाईस का, का मातीच उकरनार?" सिद्धूने खाली घातलेली मान वर केली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "माझं चुकलं." मला बरं वाटलं. चावायचं राहून गेलं ते बरंच झालं.

मला वाड्यापासून लांब बांधलं, उपाशी ठेवलं आणि गुळात घालून औषध दिलं. सुलाबाईनेच दिलं. माझ्या पोटातून जे पडलं ते मी पाहिलं. हातभर लांब, पांढरं, चपटं, लेंग्याच्या नाडीसारखं. अजून हलत होतं. तिने ते गवऱ्यांच्या आगीत टाकलं आणि पूर्ण जळेपर्यंत काठीने ढोसत राहिली. त्या संध्याकाळी मी अर्धी भाकरी खाल्ली आणि माझं पोट भरलं. तेव्हा मला रडू आलं. इतकी वर्षं जी भूक मी माझी म्हणत होतो, ती नक्की कुणाची होती?

त्यानंतर आमच्या वाड्यावर मुंडकं जाळायची रीत पडली. दर काही महिन्यांनी मला औषध. आधीच गवत खाल्लेली मेंढरं आणखी वर्षभर फिरली, मग हळूहळू थांबली. गिधाडं दिसेनाशी झाली. लांडग्यांना परत सशांमागे पळावं लागलं, मटकीवाले शेतकरी गप्प झाले. एकदा ओढ्याकाठी ती बारीक मादी मला समोरासमोर भेटली. तिच्याही बरगड्या वर आलेल्या होत्या. आम्ही भांडलो नाही. ती खाली बसली आणि ढुंगण घासत दोन हात पुढे सरकली. तिला गूळ घालून औषध कोण देणार, असं माझ्या मनात आलं. मी तसाच परत फिरलो.

आता मी राखण करत नाही. उन्हाला पडून असतो. झोपायच्या आधी जागेवर दोन-तीन वेढे घ्यायची आम्हा कुत्र्यांची सवय असते, पण पहिला वेढा घेतला की मी मध्येच दचकून थांबतो. डोळे मिटले की ती पांढरी, तांबूस पायांची आणि कितीतरी दुसरी कोकरं माझ्याभोवती फिरायला लागतात. एकही माझ्याकडे बघत नाही. त्यांनी एकदा तरी बघावं असं वाटतं.

म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. मेलेल्या मेंढराचं मुंडकं कुत्र्याला घालू नका, जाळा. तुमच्या कुत्र्याला औषध द्या, तो मागणार नाही, त्याला मागता येत नाही. आणि घरात काही बिघडलं, तर सगळ्यात शेवटी आलेल्या माणसाकडे बोट करायच्या आधी आपण लाडाने कुणाला काय भरवतोय ते एकदा बघा.

माझे दिवस आता थोडे राहिले. डॉक्टर म्हणतात, तुझ्या पोटात काही नाही. तरी सुले, ऐक बाई. मी मेलो की मला माळावर टाकू नकोस. खोल खड्डा कर, वर दगड रच, आणि त्यावर एकही कोकरू चरू देऊ नकोस.